वीज घालवणारी प्रयोगशाळा

आमच्या गावातून नागपूरला जाणारे पुष्कळ आहेत. कोणी दवाखान्यासाठी जातं, कोणी कोर्टासाठी, कोणी लग्नाच्या खरेदीला. विद्यापीठातली प्रयोगशाळा पाहायला म्हणून कोणी गेल्याचं मला माहीत नाही. मी जाऊन आलो, सात दिवस राहिलो. थकून आलो आहे, तरी जे पाहिलं ते विसरण्याआधी लिहून ठेवतो.

आधी जाण्याचं कारण. यवतमाळच्याही पुढं आमचं तालुक्याचं गाव. तिथल्या महाविद्यालयात मी संगणक शिकवतो आणि परीक्षा विभागाचं कामही पाहतो. विभागात तीन संगणक आहेत आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. बॅटरीचं खोकं आहे, पण तेच आधी मान टाकतं. गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाच्या गुणांची फाइल अशीच मधेच वीज गेल्यानं उघडेना झाली. मी आणि आमचे लिपिक नऊ दिवस उत्तरपत्रिका पुन्हा काढून गुण भरत बसलो. त्या नऊ दिवसांचा शीण अजून माझ्या खांद्यांतून गेलेला नाही.

म्हणून जेव्हा कळलं की मोहरील सरांच्या संशोधन गटानं वीज गेली तरी लिहिलेलं हरवणार नाही अशी प्रणाली तयार केली आहे, आणि ती बाहेरच्या एखाद्या कॉलेजात बसवून पाहायची आहे, तेव्हा मी त्याच दिवशी रजेचा अर्ज दिला.

मोहरील सर माझे शिक्षक. माझ्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कोणी गेलेलं नव्हतं. नागपूरला शिकायला आलो तेव्हा वर्गात इंग्रजीतून प्रश्न विचारायची हिंमत होत नसे. सर तास संपल्यावर व्हरांड्यात थांबत आणि म्हणत, "विचार आता. मराठीत विचार." आज मी जी भाकरी खातो ती त्या व्हरांड्यातली आहे, असं मी मानतो.

मागची खोली

संशोधन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं काचेच्या भिंती आणि गार हवा येते. प्रत्यक्षात ती इमारतीच्या मागच्या बाजूची लांबट खोली होती. मार्च संपत आला होता. खिडकीत कूलर नुकताच बसवलेला होता आणि नव्या वाळ्याचा वास खोलीभर होता. भिंतीला लागून आठ जुने संगणक ओळीनं मांडलेले, सगळ्यांची झाकणं काढलेली. त्यांच्यासमोर एका लाकडी फळीवर आठ स्विच. फळीपुढं स्टुलावर साठीकडे झुकलेले एक गृहस्थ, मांडीवर रजिस्टर घेऊन बसलेले.

मी दारात उभा असतानाच त्यांनी तिसरा स्विच खट्‌कन बंद केला. तिसरा संगणक मेला. त्यांनी शांतपणे घड्याळ पाहून रजिस्टरात वेळ लिहिली.

"अहो, काय करता!" माझ्या तोंडून निघालंच.

"काम करून राहिलो जी," ते म्हणाले. "तुमी यवतमाळकडचे सर ना? या, बसा. दोन मिनिटं थांबा, पाचव्याले बंद करतो अन् चहा सांगतो."

हे शेषरावकाका. विभागात ते शिपाई म्हणून लागले तेव्हा इथं पहिला संगणक यायचा होता. आता दोन वर्षांपासून त्यांचं काम एकच: दिवसभर वीज घालवणं. आमच्याकडं चालू संगणकाचा स्विच कोणी बंद केला तर प्राचार्य बोलावून घेतात. इथं त्याचीच रोजची हजेरी.

हे सगळं ज्यासाठी चाललं होतं ते मला प्रणितानं समजावलं. प्रणिता लांजेवार ही सरांची शेवटची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. आपण 'सेव्ह'चं बटण दाबतो तेव्हा लिहिलेलं एकदम डिस्कवर जाऊन बसत नाही. ते तुकड्यातुकड्यांनी उतरतं. अर्धे तुकडे उतरले आणि नेमकी तेव्हा वीज गेली, की फाइल फाटते. शिवाय जुन्या, स्वस्त डिस्क खोटं बोलतात. 'लिहिलं' म्हणतात आणि लिहिलेलं नसतं. अशा डिस्कांवरही फाटलेलं सांधून घेणारी रीत तिनं बांधली होती. ती खरंच चालते का हे पाहायला आठही संगणकांवर एक प्रोग्रॅम सतत चालू असे. तो एखाद्या कारकुनासारखा थोडं लिहायचा, थोडं थांबायचा, पुन्हा लिहायचा. मधेच काकांनी वीज घालवायची, मग परत लावायची, आणि प्रणितानं काही फाटलं का ते पाहायचं.

"यंत्रानंच वीज बंद करता आली नसती का?" मी विचारलं.

"होतं ना सर. टायमरचं खोकं होतं. चाचण्या सुरू होण्याआधीच, पहिल्या उन्हाळ्यात जळलं. मोहरील सर म्हणाले, वीज काय घड्याळ लावून जाते का? माणूसच बसवा. मग काकांना सांगितलं, तुमच्या मनात येईल तेव्हा बंद करा."

"आणि किती वेळा फाटलं?"

"एकदाही नाही," ती म्हणाली. अभिमानानं नाही. सहा वर्षं एकाच गोष्टीमागं लागलेलं माणूस जसं म्हणेल तसं.

तिचा प्रबंध तयार होता. मोहरील सर एप्रिलअखेर निवृत्त होणार होते. त्याआधी प्रबंध सादर झाला तर सरांच्याच सहीनं जाणार होता. नाही झाला तर नवा मार्गदर्शक शोधायचा, पुन्हा समितीपुढं उभं राहायचं, आणि किमान एक वर्ष लांबायचं. सरांच्या टेबलावर त्या प्रबंधाची प्रत मी पाहिली. तिच्यावर एक कागद खोचून ठेवलेला होता. त्यावर सरांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'सही बाकी'.

नंदनवन

उतरलो होतो नंदनवनात, मावसबहीण सुनंदाताईकडं. नागपूरच्या बहिणी आधी आपलं वजन करतात, मग पाणी देतात.

"काहून गा, इतका वाळला? बायको जेवाले देत नाही का?"

"परीक्षा सुरू आहेत ताई."

"पोरं परीक्षा देऊन राहिले, तू काहून वाळून राहिला?"

तिचे यजमान कोराडीला वीजकेंद्रात आहेत. त्यांची सकाळपाळी होती. अंघोळ करून आले तरी कानामागं राखेची बारीक रेघ राहिलेली असे. प्रयोगशाळेत काय चालतं ते मी सांगितलं, तर त्यांनी ताटातला हात थांबवला.

"म्हणजे आम्ही तिकडं कोळसा जाळून जाळून वीज बनवून राहिलो, अन् तुमचे पीएच.डी.वाले इकडं बसून ती बंद करतात?"

"संशोधन आहे भाऊजी."

"करा ना. करा. आमाले तं हे बिना पीएच.डी.चं जमते."

सकाळी चौकातल्या टपरीवर तर्री-पोहे खाल्ले. आमच्याकडं पोह्यांवर खोबरं घालतात, इथं चण्याचा लाल रस्सा ओततात. पहिल्या दिवशी डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या दिवशी मीच "थोडी तर्री अजून" म्हणालो. तिसऱ्या दिवशी पोटानं हिशेब विचारला आणि मी प्रयोगशाळेत तासभर उशिरा पोहोचलो. तो शुक्रवार होता.

स्टूल

काकांनी डबा उघडला होता. मी म्हटलं, "काका, तुम्ही जेवा. तोवर मी बसतो."

ते हसले. "बसा. काही अवघड नाही."

मी स्टुलावर बसलो. समोर आठ संगणक घुंऽ करत होते. प्रत्येकाच्या कपाळावर डिस्कचा बारीक लाल दिवा. लिहिणं चालू असलं की तो लुकलुकतो, थांबलं की विझतो. मी दुसऱ्या स्विचवर बोट ठेवलं.

"थांबा सर, थांबा!" काका तोंडातला घास तसाच ठेवून उठले. "लाइट लुकलुकून राहिली ना. आता नाही बंद कराचं."

"मग कधी?"

"लाइट थांबू द्या. हां... थांबली. आता करा."

मी बोट उचललं नाही आणि दाबलंही नाही.

"काका, तुम्ही नेहमी लाइट थांबल्यावरच बंद करता?"

"मंग! लुकलुकताना बंद केलं तं मशीन खराब होते. हे तं आमाले पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

त्यांच्या बोलण्यात नुसता विश्वास होता. दोन वर्षं, हजारो वेळा, या माणसानं प्रत्येक संगणकाचं लिहून होण्याची वाट पाहिली होती. जेवत्या माणसाला पानावरून उठवू नये, तसं. आणि लिहिणं थांबलेलं असताना वीज गेली तर कोणतीच फाइल फाटत नाही. आमच्या परीक्षा विभागातली साधी व्यवस्थाही त्या घटकेला टिकली असती. दोन वर्षांत एकदाही न फाटण्याचं कारण प्रणिताची रीत नव्हती. काकांचा हात होता.

प्रणिता पलीकडच्या खोलीत प्रबंधाची संदर्भसूची तपासत होती. तिचं टंकन मला ऐकू येत होतं. मी उठून काकांना म्हटलं, "मला नाही जमणार, तुम्हीच करा." तब्येतीचं कारण सांगून मी नंदनवनला परतलो. ते अगदीच खोटं नव्हतं.

शनिवारी मी काहीच बोललो नाही. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण खरं ते लिहितो. मी स्वतःला सांगत होतो की मी पाहुणा आहे. माझ्या शिक्षकाच्या शेवटच्या महिन्यात, त्यांच्या शेवटच्या विद्यार्थिनीच्या कामात बोट घालायला मी आलेलो नाही. प्रबंध वाचणारे परीक्षक इथं येऊन स्टुलावर बसणार नाहीत. कदाचित तिची रीत चांगली असेलच. असं दिवसभर स्वतःशी बोललो आणि संध्याकाळी दहा तास वर्गात उभा राहिल्यासारखे पाय दुखत होते.

कन्हान

रविवारी प्रणिताच्या घरी जेवायला बोलावलं होतं. ती कन्हानची. रोज तिथूनच बसनं जाऊन-येऊन शिकली. कामठी मागं पडली की रस्त्यावर कोळशाचे ट्रक वाढतात आणि झाडांची पानं काळसर होतात. घर लहान, अंगण सारवलेलं. वडील खाणीतून निवृत्त झालेले. त्यांचा आवाज घशातून खरडत येतो.

तिच्या आईनं गोळाभात केला होता. भातात डाळीचे गोळे वाफवलेले असतात. ते हातानं फोडायचे आणि वरून हिंग-मोहरीचं कडकडीत तेल ओतून घ्यायचं. आमच्याकडंही होतो, पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. इथं तो माझ्यासाठी रविवारी झाला होता.

"घ्या जी सर, लाजू नका," आई म्हणाली. "आमची प्रणिता म्हणे तुमी तिचं मशीन तुमच्या कालेजात नेऊन राहिले. बाहेरगावी जाणारी ही आमच्या घरातली पयलीच वस्तू."

वडिलांनी बराच वेळ पाहून विचारलं, "सर, एक विचारू? तो प्रबंध म्हणजे नेमकं काय असते? सहा वर्षं झाले, हिले विचारतो तं म्हणते, बाबा, समजणार नाही."

"बाबा!" प्रणिता म्हणाली.

मी सांगितलं, "एखादी नवी गोष्ट खरी आहे हे दाखवून द्यायचं, आणि कसं दाखवलं ते लिहून द्यायचं."

"हां," ते म्हणाले. "म्हणजे खरं असलं पाहिजे."

तेल जास्त झालं असं म्हणून मी पाणी प्यायलो.

बसथांब्यापर्यंत ती सोडायला आली. तिथून कन्हान नदीचा पूल दिसतो. पाणी कमी झालं होतं आणि वाळूत म्हशी बसल्या होत्या. मी तिला सांगितलं. जे पाहिलं तेवढंच सांगितलं, दोन वाक्यांत.

एक बस आली आणि गेली. मग ती म्हणाली, "नोंदी आहेत माझ्याकडं. शेवटचं लिहिणं कधी झालं अन् वीज कधी गेली, दोन्ही आहेत. बघितल्या असत्या तर दिसलं असतं."

"मग?"

"सर, सगळं बरोबर निघून राहिलं असलं तं नोंदी कोण पाहते?" तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "तुम्ही मोहरील सरांना सांगितलं?"

"नाही."

"काकांना?"

"नाही."

"आणि मी म्हटलं, सांगू नका, तर?"

मी तिच्याकडं न पाहता म्हणालो, "तर नाही सांगणार." आज वाटतं, ते चुकीचं होतं. पण तेव्हा मी तसंच म्हणालो.

दुसरी बस आली. मी चढलो. खिडकीशी येऊन ती म्हणाली, "सर, उद्या लवकर या. मी एकटीनं नाही सांगू शकणार."

सही

सोमवारी तिनंच सांगितलं. मी नुसता बाजूला उभा होतो. मोहरील सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, नोंदी उघडायला लावल्या, चष्मा वर करून पडद्याजवळ जाऊन एकेक ओळ पाहिली. मग काकांना बोलावलं.

"शेषराव, लाइट थांबल्यावर बंद करायचं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमीच सांगतलं साहेब," काका म्हणाले. "पहिलं मशीन आलं तवा. तुमी म्हणे, शेषराव, ही लाइट लुकलुकताना कोणी बटनाले हात लावला तं हात तोडीन."

सर खुर्चीत मागं टेकले. म्हणाले, "हो. म्हणालो होतो."

"काही चुकलं का साहेब?"

"तुमचं नाही. आमच्यापैकी कोणीच दोन वर्षांत तुमच्याजवळ येऊन बसलं नाही. ते चुकलं."

प्रबंधावरचा 'सही बाकी' लिहिलेला कागद सरांनी काढला नाही. प्रत उचलून प्रणिताच्या हातात दिली. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिनं विचारलं, "सर, नवीन मार्गदर्शकासाठी अर्ज कुठं करायचा असतो?" सर म्हणाले, "मी घरी बसणार आहे, मरणार नाही. रोज ये. सही दुसऱ्याची असेल." मग मान खाली घालून टेबलाच्या खणात काहीतरी शोधत राहिले. खण रिकामाच होता, मला दिसत होतं.

मी रिकाम्या हातानं परतलो, हे इथंच सांगून टाकतो. प्राचार्यांनी विचारलं, आणलं का? मी म्हटलं, अजून झालेलं नाही. आमच्या परीक्षा विभागात रोज संध्याकाळी गुणपत्रकं कागदावर छापून कपाटात ठेवायची, असं आम्ही ठरवलं आहे. लिपिक वैतागले आहेत. मीही.

शेवटची दुपार

मंगळवारी दुपारी बसच्या आधी निरोप घ्यायला मागच्या खोलीत गेलो. नवं टायमरचं खोकं मागवायचं ठरलं होतं, पण ते यायला वेळ होता, आणि प्रणिताला थांबायचं नव्हतं. काका स्टुलावर बसले होते. सर दारात उभे होते.

"लुकलुकताना बंद करा काका," प्रणिता म्हणाली.

काकांनी चौथ्या स्विचवर बोट ठेवलं. लाल दिवा लुकलुकत होता. बोट तिथंच राहिलं. दिवा थांबला आणि नेमकं तेव्हाच बोट खाली गेलं. काका ओशाळले. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच.

"नाही जात वं बाई, हात," ते म्हणाले. "ते लिहून राहिलं असते ना."

"मी करते मग."

"नाही, नाही. माह्यं काम आहे ते." ते उठले. स्टूल उचलून त्यांनी उलटं ठेवलं. पाठ संगणकांकडं, तोंड भिंतीकडं, एक हात मागं नेऊन फळीवर. असे ते बसले. कूलरच्या वाऱ्यानं रजिस्टराची पानं उडत होती. ती मी धरून ठेवली.

खट्‌.

"लुकलुकत होती का?" काकांनी भिंतीकडं पाहतच विचारलं.

"होती."

त्यांनी हाताच्या अंदाजानं स्विच परत लावला. संगणक उठायला दीड मिनिट लागतं. प्रणिता पडद्यापुढं वाकली होती. मी तिचा चेहरा पाहिला आणि उत्तर कळलं.

"बाई," काका अजून वळले नव्हते. "फाटलं का?"

"फाटलं काका," ती म्हणाली आणि खुर्ची पुढं ओढून लिहायला बसली. "आणखी एकदा करा."